मातीनं माखलेले हात

सहामाहीचा शेवटचा पेपर संपतो आणि मुलांची नजर जमिनीकडे वळते. कुठे बांधकाम चाललंय, कुणाच्या दारात विटांचे तुकडे पडलेत, पाइपलाइनसाठी खणलेल्या चरातली माती लाल निघाली की मुरमाड, याची बित्तंबातमी त्यांच्याकडे असते. एरवी चार हाका मारल्या तरी न उठणारी मंडळी सकाळी सातला खाली उतरलेली दिसतात. हातात घमेलं, खिशात खडू. जिन्याखालच्या कोपऱ्यात आखणी होते आणि पुण्या-साताऱ्यापासून कोल्हापूर-बेळगावपर्यंत गल्लोगल्ली किल्ल्यांची कामं सुरू होतात.

दिवाळीतल्या घरगुती आनंदाविषयी लिहायचं ठरलं, तेव्हा फराळ आणि खरेदीच्या आधी मला हा किल्लाच आठवला. त्यात घर आहे, शेजार आहे, पुस्तक आहे, फूल आहे आणि मुलांचे हात आहेत. गेल्या दिवाळीत मी पुण्याच्या पेठांमध्ये, साताऱ्याकडच्या माझ्या माहेरी आणि बेळगावात हिंडले, किल्ले पाहिले, ते करणाऱ्यांशी बोलले. त्यातून जे मनात पक्कं झालं ते आधीच सांगून टाकते. घरातल्या मुलाला वर्षातून एकदा तरी मोठं, मळकं आणि स्वतःच्या मनाचं काम करायला मिळालं पाहिजे. त्यासाठी जागा करून देणं आपल्या, मोठ्यांच्या हातात आहे.

किल्ला कसा होतो ते ज्यांनी केला नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगते. आधी दगड-विटांचा ढीग रचायचा. मधे पोकळ जागा हवी असेल, म्हणजे भुयार किंवा गुहा काढायची असेल, तर जुना डबा किंवा पाइपचा तुकडा तेव्हाच पुरून ठेवायचा. नंतर कोरायला गेलं की अर्धा डोंगर खाली येतो. ढिगावर गोणपाट टाकायचं. ते कोरडं टाकलं तर माती धरत नाही, म्हणून पातळ चिखलात बुचकळून काढायचं आणि दोघांनी दोन टोकं धरून दगडांवर पसरायचं. गोणपाटाला पडलेल्या चुण्या तशाच ठेवल्या तर त्यांच्या आपोआप दऱ्या होतात, हे मला सहावीतल्या एका मुलीनं दाखवलं. मग चाळलेली माती कालवून थापायची. वर सपाटी करून बालेकिल्ला, खाली उतरत्या सोंडेवर माची, कडेनं तटबंदी, वळणावर बुरूज. पायऱ्या काढायला आइस्क्रीमची काडी उत्तम. तळ्यासाठी पूर्वी करवंटी पुरायचे, आता खाऊचा प्लॅस्टिकचा डबा पुरतात.

सगळ्यात नाजूक काम अळिवाचं. ओल्या मातीवर अळीव पेरून हलक्या हातानं पाणी शिंपडत राहिलं, तर चार-पाच दिवसांत डोंगरावर हिरवळ उभी राहते. म्हणजे वसुबारसेला किल्ला हिरवा दिसायला हवा असेल, तर त्याआधीचा आठवडा हिशोबात धरावा लागतो. पाणी जास्त झालं तर बी वाहून पायथ्याशी गोळा होतं आणि जंगल भलत्याच ठिकाणी उगवतं. कमी पडलं तर अळीव वाळतो. कुणी मोहरी पेरतं, कुणी गहू. पुण्यातल्या एका वाड्यात मी किल्ला बघायला पुढे झाले तर खालून आवाज आला, "काकू, तिथे पाय नका ठेवू, शेत आहे!" तिथे मला तरी नुसती ओली माती दिसत होती. दोन दिवसांनी गेले तेव्हा तिथे मेथीचे कोंब वर आले होते आणि शेजारी मातीची बैलजोडी उभी होती.

ही बैलजोडी, मावळे, तोफा, गवळणी आणि सिंहासनावरचे महाराज घ्यायला पुण्याची जुनी घरं कसब्यातल्या कुंभारवेशीकडे जातात. साच्यातून काढलेली, हातानं रंगवलेली ही चित्रं दिवाळीच्या तोंडावर रस्त्याकडेला ओळीनं मांडलेली असतात. मुलं इथे किती बारकाईनं पाहतात! ढालतलवारवाला मावळा महाद्वारापाशी लागतो, भालाईत बुरुजावर, तुतारीवाला महाराजांच्या उजव्या हाताला. गेल्या वर्षीच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात कुणाचा हात मोडलाय, कुणाचं डोकं उडालंय याची यादी करून आलेली मुलं मी पाहिली. एका भावंडांच्या जोडीनं मोडक्या मावळ्यांसाठी गडाच्या पायथ्याशी दवाखाना केला होता. आईनं त्यांना पट्ट्या करायला मलमलीची चिंधी दिली होती. खेळात अशी गोष्ट सुचायला निवांत वेळ लागतो आणि मोठ्यांनी मधे न पडणंही लागतं.

महाराज कुणी बसवायचे, हा मात्र दर वर्षीचा प्रश्न. बहुतेक ठिकाणी तो मान सगळ्यात धाकट्याला मिळतो. ज्यानं आठवडाभर "मी पण, मी पण" करत पाण्याचा तांब्या आणण्याखेरीज काही केलेलं नसतं, त्याला मोठी भावंडं उचलून धरतात आणि तो दोन्ही हातांनी मूर्ती वर ठेवतो. दिवाळीतले फोटो पुष्कळ काढले जातात. त्या चिमुकल्याच्या त्या वेळच्या चेहऱ्याचा फोटो बहुधा राहूनच जातो, कारण सगळ्यांचे हात चिखलाचे असतात.

2025 च्या जुलैत पॅरिसला भरलेल्या बैठकीत युनेस्कोनं मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे आपल्याकडचे अकरा आणि तमिळनाडूतला जिंजी. ही बातमी मुलांपर्यंत पोचली आहे. "आम्ही ह्या वर्षी यादीतलाच करणार," असं मला कितीतरी जणांनी सांगितलं. आणि किल्ला ठरला की अभ्यास आपोआप येतो. राजगड करायचा तर मधोमध बालेकिल्ला आणि त्याच्या तीन बाजूंना पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या, ही मांडणी समजून घ्यावीच लागते. संजीवनी माचीची तटबंदी दुहेरी आहे, तिला चिलखती म्हणतात, हे कळल्यावर आत-बाहेर दोन भिंती उभ्या कराव्या लागतात आणि मधली बोळ इतकी अरुंद येते की बोट घालून लिंपावं लागतं. सुवेळा माचीवरचं नेढं, म्हणजे खडकाला आरपार पडलेलं भोक, करताना तर कस लागतो. रायगड करणारा मुलगा महादरवाजा दोन बुरुजांच्या आड लपवतो, कारण शत्रूला तो लांबून दिसू नये. हत्तीच्या धडकेला किंवा तोफेला समोर मोकळी जागा मिळू नये. ही गोमुखी रचना पुस्तकात वाचून विसरता येते. दरवाजा हातानं फिरवून बसवल्यावर ती विसरणं अवघड आहे.

सिंधुदुर्ग करणाऱ्यांची गोष्ट निराळी. त्यांना समुद्र हवा. बेळगावात एका गल्लीत निळं मेणकापड अंथरून, त्यावर निळ्या-पांढऱ्या रांगोळीच्या लाटा काढून मालवणचा किनारा केला होता. कुरटे बेटावरच्या त्या किल्ल्याचा दरवाजाही बाहेरून चटकन दिसत नाही, म्हणून मुलांनी बघणाऱ्यांसाठी एक खेळच ठेवला होता: दरवाजा शोधा. बेळगावात दिवाळीच्या संध्याकाळी घरंच्या घरं किल्ले बघायला बाहेर पडतात. आजी चालत, नातवंडं पुढे पळत, सुना नव्या साड्यांत. किल्ल्यापाशी उभं राहून करणाऱ्या मुलाकडून माहिती ऐकायची असते, ती रीतच आहे. एरवी पाहुण्यांसमोर तोंड न उघडणारं पोर तिथे काठी हातात घेऊन खड्या आवाजात बोलतं. ऐकणारा शेजारचा काका असो की अनोळखी माणूस, मधे कुणी बोलत नाही. मला हे फार मोलाचं वाटतं. आपल्या घरांत मुलांचं बोलणं पूर्ण होऊ देण्याचे प्रसंग किती असतात?

तयार किल्लेही आता मिळतात. फायबरचे, थर्माकोलचे, वर मावळे चिकटवलेले. फ्लॅटमध्ये जागा नसते, माती मिळत नाही, आईबाबा दोघंही कामावर असतात, हे सगळं खरं आहे. तरी माझं मत स्पष्ट आहे. तयार किल्ला घेण्यापेक्षा ताटात मावेल एवढी टेकडी करावी. खिडकीतल्या कुंडीत करावी. अमेरिकेतल्या ज्या मराठी घरांत थंडीमुळे अंगण वापरता येत नाही, तिथे मुलं घरातच खोकी आणि कागदाचा लगदा घेऊन किल्ले करतात. साहित्य बदललं तरी चालतं, करणारे हात मुलांचे हवेत. स्पर्धांबद्दलही थोडं बोलते. स्पर्धेमुळे मुलांना हुरूप येतो, हे मी पाहिलं. पण बक्षिसाच्या ओढीनं जिथे बाबा आणि दादांनी ताबा घेतला होता, तिथे गड अगदी मापात होता आणि मुलं बाजूला पायऱ्यांवर बसली होती.

साताऱ्याकडे, माझ्या माहेरी, किल्ल्याइतकंच आणखी एक काम दिवाळीत चालतं आणि ते बहुतेक मुलींच्या हातचं असतं. वसुबारसेपासून रोज सकाळी अंगण सारवून ताज्या शेणाच्या गवळणी मांडायच्या. डोक्यावर घागर घेतलेली एक, ताक घुसळणारी एक, जात्यावर बसलेली एक. त्यांचा गोठा, गोठ्यात गाई-वासरं, पाणवठा, उखळ, चूल. दर दिवशी नव्या करायच्या, आणि पाडव्याला पांडव. शेणाच्या त्या बोटभर बाईला झेंडूच्या पाकळ्यांची साडी नेसवतात, डोक्याला पिवळं फूल खोचतात, भोवती रांगोळी काढतात, हळदकुंकू वाहतात. हे करताना आजी, आई आणि नात एका अंगणात उकिडव्या बसलेल्या असतात. आजीचा हात सराईत चालतो; तिची गवळण कमरेत वाकलेली असते, तिच्या वाकण्यात घागरीचं वजन दिसतं. नातीची गवळण सुरुवातीला नुसता गोळा असतो. पाडव्यापर्यंत तिलाही कंबर येते.

शहरातल्या माझ्या भाचीनं पहिल्यांदा शेणाला हात लावला तेव्हा तिचं तोंड वाकडं झालं होतं. माझी आई तिला काही बोलली नाही, फक्त म्हणाली, "बाळा, ताजं आहे, ऊबदार लागतं बघ." थंडीच्या सकाळी ते खरंच ऊबदार लागतं. तासाभरानं भाची गवळणीच्या चुलीवर ठेवायला भाकरी थापत होती. वाळल्यावर या सगळ्या पसाऱ्याच्या गोवऱ्या होतात. मुलींना त्याचं काही वाईट वाटत नाही, उद्या परत करायचंच असतं.

या गवळणींमुळे गावातल्या मुलींना फुलं ओळखता येतात. कुठल्या पाकळीचा पदर होतो, कुठली सुकली की काळी पडते, कुठली दुपारपर्यंत टिकते हे त्यांना वापरून कळलेलं असतं. पावसाळ्याच्या शेवटी बांधावर तेरडा असतो, त्याचा रंग तीन दिवस हे म्हण म्हणून आपण सगळेच शिकलो. अंगणात गुलबक्षी. ती संध्याकाळी उमलते आणि तिच्या लांब देठाच्या फुलांची वेणी दोऱ्याशिवाय गुंफता येते. एक देठ दुसऱ्यावरून घेत गेलं की झालं. मुलांच्या हातात देण्याजोगं याहून सोपं, सुंदर हस्तकाम मला माहीत नाही. पहाटे प्राजक्ताचा सडा असतो. त्याचे केशरी देठ वेगळे काढून पाण्यात चुरले की रंग उतरतो, त्यात पांढरी चिंधी बुडवून पाहावी. कुंपणाला कोरांटी फुललेली असते, जिची फुलं दुकानात सहसा मिळत नाहीत.

झेंडू आणि शेवंतीशिवाय आपल्याला दिवाळी सुचत नाही, आणि दोन्ही फुलं परदेशातून आलेली आहेत. झेंडू मेक्सिकोकडचा. तिथेही नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत लोक आपल्या गेलेल्या माणसांच्या स्मरणासाठी घरं आणि थडगी याच केशरी फुलांनी सजवतात. शेवंती चीनची. ती नेमकी याच दिवसांत का फुलते, हे मुलांना जरूर सांगावं: तिला कळी धरायला लांब रात्र लागते. शरदात दिवस आखडू लागले की झाडाला ऋतूची खूण पटते. म्हणूनच पॉलिहाऊसमध्ये शेवंती वर्षभर फुलवायची असेल तर शेतकरी दिवे लावून किंवा काळं कापड घालून रात्र लहानमोठी करतात. बाजारातलं पाच रुपयांचं फूल हातात घेऊन मुलाला एवढं सांगितलं, तर विज्ञानाचा एक धडा उभ्या उभ्या होतो.

दसरा-दिवाळीच्या आदल्या पहाटे पुण्याच्या मार्केट यार्डात किंवा मुंबईत दादरच्या फूलबाजारात एकदा तरी जाऊन यावं. झेंडूनं भरलेल्या गोण्या आणि टोपल्या, सुट्या शेवंतीचे ढीग, गुलछडी, अष्टर, आंब्याचे टहाळे. ओला माल वेगळा, सुका वेगळा. तोडणीच्या वेळी पाऊस झाला तर फूल पाणी धरतं, गोणीत तापतं, काळं पडतं आणि त्याला भाव येत नाही. कोरडं राहिलं तर चांगला दर मिळतो. वर्षभर राबलेल्या शेतकऱ्याचं सगळं गणित त्या दोन-तीन दिवसांच्या आभाळावर असतं. आपण मात्र दारच्या माळेसाठी घासाघीस करतो, किंवा त्यापेक्षाही वाईट, दर वर्षी धुऊन लावता येते म्हणून प्लॅस्टिकची माळ आणतो. त्या माळेला वास नाही, आणि ती ओवायला कुणी कुणाशेजारी बसत नाही. खऱ्या झेंडूची माळ करायची तर चौघं लागतात. एक सुईत दोरा घालणार, एक फुलं निवडणार, एक ओवणार, एक उंबरठ्याची लांबी मोजून सांगणार. आजोबांना सुईत दोरा दिसत नाही म्हणून नातवाला बोलावलं जातं. तो येतो, दोरा ओवून देतो आणि मग तिथेच बसतो.

दुपारी फराळानंतर घर शांत झालं की दिवाळी अंक निघतात. 1909 साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला आणि इंग्रजी नियतकालिकांच्या नाताळ अंकांवरून घेतलेली ही कल्पना मराठी घरात अशी रुजली की शंभर वर्षांहून जास्त काळ लोटला तरी अंकाशिवाय दिवाळी अपुरी वाटते. मला आठवणारी दिवाळीची दुपार अशी: सतरंजीवर सगळे आडवे, कुणाच्या हातात कथांचा अंक, कुणाच्या हातात विनोदी, कुणी राशिभविष्याच्या पानावर, आणि मुलांचं लक्ष 'आवाज'च्या खिडकीचित्रांवर, जी त्यांना पाहू दिली जात नसत. वाचता वाचता कुणी तरी मोठ्यानं हसायचं आणि मग "काय गं, वाच की मोठ्यानं" असं व्हायचं. एक अंक घरात सहा जण वाचायचे, मग शेजारी जायचा, तिथून त्यांचा अंक आपल्याकडे यायचा. आज अंकाची किंमत काही शेकड्यांत गेली आहे. तरीही वाचनालयं ठराविक वर्गणीत कितीतरी अंक उन्हाळ्यापर्यंत घरपोच फिरवतात, आणि ज्या गल्लीत असं वाचनालय उरलं आहे तिथले लोक सुदैवी आहेत.

मुलांसाठीही आपल्याकडे मोठी परंपरा आहे. वा. गो. आपट्यांनी 1906 मध्ये 'आनंद' मासिक सुरू केलं. 'चांदोबा' मराठीत 1952 मध्ये आला. 'बालभारती'नं 1971 मध्ये 'किशोर' काढलं. सरकारी संस्थेनं इतकं देखणं, इतकं स्वस्त आणि मुलांना खरोखर आवडणारं मासिक एवढी वर्षं चालवावं, याचा मला अभिमान वाटतो. 'किशोर'चे जुने अंक आता संकेतस्थळावर विनामूल्य वाचायला ठेवले आहेत. आपल्या लहानपणीचा अंक त्यात शोधून मुलांना दाखवणं हा एका संध्याकाळचा उत्तम कार्यक्रम होतो. कागदकामाची पानं, कोडी, 'करून पाहा' हे सगळं त्यात जसंच्या तसं आहे आणि आजही करता येतं.

मुलांना वाचायला लावायचं कसं, असं पालक विचारतात. किल्ल्यापाशी मला त्याचं उत्तर मिळालं. कसब्यातल्या एका वाड्यात आठवीतला मुलगा मांडीवर गो. नी. दांडेकरांचं 'दुर्गभ्रमणगाथा' उघडून बसला होता. एका हाताला माती, म्हणून तो पानं कोपरानं उलटत होता. पुस्तक आजोबांचं, कव्हर घातलेलं, वर सुवाच्य अक्षरात नाव. मातीचा डाग पडला तेव्हा त्यानं घाबरून वर पाहिलं. आजोबा म्हणाले, "राहू दे रे, गोनीदांच्या पुस्तकाला मातीच शोभते." त्या मुलाला कुणी वाच म्हटलं नव्हतं. त्याला माचीवर जायचा रस्ता हवा होता आणि तो पुस्तकात होता. लहानांसाठी माधुरी पुरंदऱ्यांची चित्रपुस्तकं हेच काम वेगळ्या रीतीनं करतात. 'राधाचं घर'मध्ये आई, बाबा, आजी, आजोबा अशी घरातलीच माणसं आहेत, त्यांची रोजची कामं आहेत. तीन वर्षांचं मूल ते पाहतं आणि आपल्या आजीकडे बोट दाखवतं. वाचनाची पहिली पायरी म्हणतात ती हीच असावी.

हातांनी शिकणं ही कल्पना आपल्या मातीत नवी नाही. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं आणि पुढे 1957 मध्ये अनुताई वाघांसह त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. माँटेसरीची महागडी साधनं तिथल्या आदिवासी पाड्यांवर कुठून आणणार? त्यांनी शंख-शिंपले, बिया, पानं, गोटे, काटक्या, माती ही साधनं केली. बियांनी मोजायचं, पानांनी आकार ओळखायचे, शिंपल्यांच्या माळा करायच्या. गुरं राखायला जाणाऱ्या मुलांना शाळेत येता येत नाही, तर शाळाच कुरणावर न्यायची, म्हणून कुरणशाळा. 1978 मध्ये होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात अरविंद गुप्तांनी सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे आणि आगपेटीतल्या काड्या जोडून त्रिकोण-चौकोन उभे केले. पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी टाकाऊ वस्तूंतून खेळणी करायला किती मुलांना शिकवलं! या सगळ्या थोर माणसांनी मुलांवर विश्वास टाकला. किल्ला करणाऱ्या मुलाला तोच विश्वास हवा असतो.

आकाशकंदिलाचंही तसंच. माहीमच्या कंदील गल्लीत तयार कंदील सुंदर मिळतात आणि ते करणाऱ्यांची दिवाळी त्यावर होते, तेव्हा जरूर घ्यावेत. पण एक घरी करावा. बांबूच्या कामट्या, दोरा, पतंगाचा कागद, कणकेची खळ. कामट्यांचे चौकोन बांधताना एक धरायला लागतोच, एकट्याला ते होत नाही. खालच्या झिरमिळ्या कातरायचं काम लहानांचं. गोव्यात मुलं नरकासुर करतात, जुन्या कपड्यांत गवत भरून, कागदाचा मुखवटा रंगवून, आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे तो जाळतात. रात्र रात्र जागून केलेली वस्तू पहाटे स्वतःच पेटवायची. किल्लाही तुळशीच्या लग्नापर्यंत राहिला तर राहिला. पाऊस येतो, मांजर बालेकिल्ल्यावर झोपतं, शाळा सुरू होते. मावळे पुसून खोक्यात जातात, माती कुंड्यांत जाते, दगड पुन्हा जिन्याखाली.

किल्ला असा थोड्या दिवसांचाच असला तरी काही सोसायट्यांत तो नको म्हणतात. एका नव्या सोसायटीत मुलांनी परवानगीसाठी अर्ज केला होता. फरशीला डाग पडतील, कचरा होईल, पाणी साचेल असं उत्तर आलं. मुलांनी तो अर्ज मला दाखवला. त्यात माती कुठून आणणार, किती दिवस ठेवणार, शेवटी कोण झाडणार, हे सगळं नावांनिशी लिहिलं होतं. दहा वर्षांच्या मुलांनी इतका जबाबदार कागद लिहावा आणि तो नाकारला जावा, याचं मला मनापासून वाईट वाटलं.

म्हणून वाचकांना एक विनंती करते. तुमच्या सोसायटीच्या किंवा वाड्याच्या पुढच्या सभेत उभे राहा आणि मुलांच्या किल्ल्यासाठी सहा बाय सहा फुटांचा एक कोपरा दिवाळीपुरता मागून घ्या. खाली जुनं मेणकापड अंथरलं की फरशी खराब होत नाही. रोपवाटिकेत लाल माती पोत्यानं मिळते आणि दिवाळीनंतर तीच सोसायटीच्या बागेला उपयोगी पडते. गोणपाट किराणा दुकानदार देतो, अळीव घरात असतोच. घरच्या अंकांबरोबर मुलांचा एक अंक विकत घ्या आणि त्यावर मुलाचं नाव घाला. झेंडू सुटा आणा, माळ घरी ओवा. किल्ला तयार झाल्यावर मुलं बोलवायला येतील, तेव्हा हातातलं काम ठेवून खाली या आणि त्यांची माहिती सांगून होईपर्यंत उभे राहा.